विंगेतला टीम लीडर

राजधानीतल्या आमच्या लक्ष्मीबाई नगरच्या मराठी मंडळात नाटकातली भूमिका अभिनय बघून मिळत नसे, हुद्दा बघून मिळे. असा नियम कुठे लिहिलेला नव्हता, पण सगळ्यांना पाठ होता. जॉइंट सेक्रेटरी असेल तर राजा, डायरेक्टर असेल तर प्रधान, अंडर सेक्रेटरी असेल तर सरदार, आणि माझ्या नवऱ्यासारखा सेक्शन ऑफिसर असेल तर 'जी सरकार' म्हणणारा शिपाई. एका वर्षी मंडळात जॉइंट सेक्रेटरीच उरले नव्हते, तर आमचे नाटककार शांतारामकाका यांनी राजाला मोहिमेवर धाडून दिलं आणि सगळं नाटक प्रधानावर भागवलं. मी या मंडळाची दिग्दर्शिका, भानुमती. म्हणजे कोण काय करणार हे आधीच ठरलेलं असताना ते अगदीच हास्यास्पद होऊ नये एवढं बघणारी बाई. घसा मात्र दर गणपतीत बसतो तो माझाच.

या उतरंडीत सगळ्यात खाली प्रॉम्प्टर. ते काम माझ्या धाकट्या दिराकडे होतं. सिद्धांत, आमचा सिद्धू. सासऱ्यांचं शेंडेफळ. मी लग्न होऊन पुण्याच्या घरात आले तेव्हा तो तिसरीत होता आणि स्वयंपाकघरात माझ्या मागेमागे फिरायचा. पुढे इंजिनिअर झाला आणि गुडगावात काचेच्या इमारती उगवायला लागल्या तेव्हा नोकरीसाठी आमच्याकडे राहायला आला. एका परदेशी कंपनीचे फ्रिज आणि वॉशिंग मशीन नुकतेच घरोघर पोचत होते. लोकांना ती यंत्रं हवी होती, पण ती वापरायची कशी याचा पत्ता नव्हता. मशीनमध्ये साडी अडकली, फ्रिजमध्ये दूध गोठलं, की लोक चिडून फोन करायचे आणि सिद्धू तो घ्यायचा. सकाळी चार्टर्ड बसनं जायचा, संध्याकाळी हसत यायचा. मेरठच्या कुठल्या आजींनी फ्रिजला नजर लागू नये म्हणून लिंबू-मिरची बांधली, हे आम्हाला जेवताना कळायचं.

प्रॉम्प्टिंग म्हणजे वहीतलं वाचून दाखवणं, असं ज्यांना वाटतं ते कधी विंगेत उभे राहिलेले नाहीत. नट गप्प झाला म्हणजे विसरलाच असं नसतं. कधी तो वाक्याला वजन यावं म्हणून थांबलेला असतो, तेव्हा शब्द पुरवलात तर मध्यंतरात तो तुमच्या अंगावर येईल. खरंच विसरला असेल आणि तुम्हाला जरा उशीर झाला, तर प्रेक्षक खोकायला लागतात. सिद्धूला यातलं काय आहे ते बरोबर कळायचं. "वहिनी, विसरणारा माणूस आधी श्वास घ्यायचा थांबतो," असं तो एकदा म्हणाला होता. शिवाय पूर्ण वाक्य तो कधी द्यायचा नाही. पहिला अर्धा शब्द द्यायचा, इतक्या हळू की नटाला वाटावं, आपल्याला आपणच आठवलं. आमचे अध्यक्ष मुरलीधरराव तर छातीठोकपणे सांगत की त्यांना आयुष्यात प्रॉम्प्टिंग लागलेलं नाही. त्यांना दर प्रवेशात लागायचं.

अठ्ठ्याण्णव साल उजाडलं आणि कंपनीनं सिद्धूला टीम लीडर केलं. का, तर त्याच्याइतकं चांगलं फोनवर कुणी बोलत नव्हतं. जे काम त्याला सगळ्यात छान जमत होतं त्यातून त्याला उठवायचं, हे बक्षीस कुणाच्या सुपीक डोक्यातून निघालं देव जाणे. हाताखाली माणसं आली, काचेची केबिन आली, नाव छापलेली कार्डं आली. पुण्यात माझ्या सासऱ्यांनी, अण्णांनी, सोसायटीत पेढे वाटले. अण्णा बँकेतून मॅनेजर म्हणून निवृत्त झालेले. फोनवर सिद्धूला म्हणाले, "आता आवाज चढवायला शीक. साहेबानं साहेबासारखं राहावं."

हेच त्याचा वरचा साहेब, खुराना, रोज सांगे. माणूस वाईट नव्हता, पण त्याच्या मते पुढारी म्हणजे पुढे उभा राहून गर्जणारा. "तेरे में किलर नहीं है, सिद्धांत," हे त्याचं पालुपद. पोरगा बिचारा खटपट करायचा. सकाळी आमच्या न्हाणीघरातून "कमॉन टीम! वी कॅन डू इट!" अशी आरोळी ऐकू यायची. पहिल्या दिवशी सुधाकर, म्हणजे माझे यजमान, टॉवेल गुंडाळून धावले. त्यांना वाटलं, भाऊ पाय घसरून पडला.

मेरठच्या आजी आमच्या जेवणातून गेल्या. सिद्धू आता खाली मान घालून जेवायचा. टीममधली दोन मुलं सोडून गेली, उरलेल्यांचं काम घसरलं. शेवटी श्रावणात एकदा मी त्याला धरलंच.

"काय झालंय ते सांग, नाही तर उद्यापासून डबा देणार नाही."

"वहिनी, मी ट्रायलवर आहे. गणपतीनंतरच्या सोमवारी खुराना ठरवणार. जमलं तर पक्का."

"आणि नाही जमलं तर? जुनं काम आहेच की."

"नाही ना! माझ्या जुन्या खुर्चीवर दुसरा बसलाय. खाली यायची सिस्टमच नाहीये यार. एक तर पक्का, नाही तर घरी." मग म्हणाला, "अण्णांना काय सांगू? त्यांनी पेढे वाटलेत."

नोकरी जाईल याहून अण्णांचं तोंड कसं होईल याची त्याला जास्त धास्ती होती. मला इतकं वाईट वाटलं की मी त्यालाच ओरडले, म्हटलं पेढ्यांचं काय घेऊन बसलास.

त्यात मंडळाची बैठक आली. शांतारामकाका संक्रांतीला मंडळाच्या बसनं पानिपतला जाऊन आले होते. दरवर्षी जातो आम्ही, काला अंबच्या स्मारकाला फुलं वाहतो, येताना चादरी विकत घेतो. काका या खेपेला चादरीऐवजी नाटक घेऊन आले. लढाईच्या आदल्या दिवसाची आणि लढाईची गोष्ट, त्यांनी मनानं रचलेला कुणी सरदार रायाजी, आणि उपाशी सैनिकांना उभारी देणारं त्याचं दोन पानी भाषण. रायाजी कोण करणार? मुरलीधररावांच्या हातात सिद्धूचं कार्ड होतं.

"टीम लीडर! गुडगावच्या मल्टिनॅशनलमध्ये! अहो, असा माणूस विंगेत कसा उभा करायचा? बिल्कुल शोभत नाही. रायाजी हाच."

"त्याला नाही जमणार," मी तोंडावर सांगितलं. "आणि प्रॉम्प्टिंग कोण करेल?"

"त्यात काय आहे? वाचायचं तर असतं. सुधाकर करतील."

मी सिद्धूकडे बघितलं. वाटलं, आता नाही म्हणेल. तो म्हणाला, "करतो मी. वहिनी, मला शिकायचंच आहे हे."

तालमी सुरू झाल्या आणि माझ्या नाकी नऊ आले. सिद्धूला स्वतःचं पाठ होतं, बाकी सगळ्यांचंही पाठ होतं, पण तलवार उपसून "गनिमांनो!" म्हणताना त्याचा स्वर असा लागायचा की वाटावं, हा शत्रूची झालेल्या गैरसोयीबद्दल माफी मागतोय. आणि विंगेत आमचे हे. ऑफिसात फायलीवरचा शेरा वाचावा तसं खणखणीत आवाजात, पूर्णविरामापर्यंत वाचायचे. म्हणजे प्रत्येक वाक्य आधी सुधाकरांचं आणि मग नटाचं. "अहो, हळू!" म्हटलं की म्हणायचे, "हळू वाचलं तर त्यांना ऐकू कसं येणार, भानू?"

प्रयोग रविवारी दुपारी, कम्युनिटी सेंटरच्या हॉलमध्ये. बघते तर दुसऱ्या रांगेत सिद्धूची अख्खी टीम. रोहतक, सोनीपत, उत्तमनगर, कुठून कुठून आलेली पोरं, मराठीचा गंध नाही, पण सरांचं नाटक म्हणून नटून आलेली. त्यांच्यात एक सुनीता दहिया नावाची उंच मुलगी होती. नाटक सुरू व्हायची वेळ झाली तरी आमच्या मंडळींच्या गप्पा संपेनात, मुलं धावत होती. ती उठली आणि म्हणाली, "बैठ जाओ जी सब, शुरू हो रहा है!" ओरडली नाही ती, नुसतं म्हणाली, आणि सगळा हॉल खाली बसला. मुरलीधररावांची बायकोसुद्धा.

पहिला अंक कसाबसा पार पडला. सिद्धू गैरसोयीबद्दल माफी मागत होता, प्रेक्षक समजूतदारपणे टाळ्या वाजवत होते. दुसऱ्या अंकात म्हातारे सरदार झालेले मुरलीधरराव रायाजीला आशीर्वाद द्यायला उभे राहिले आणि श्वास घ्यायचे थांबले. मी समोरच्या विंगेतून बघितलं. आता सुधाकरांनी शब्द द्यायचा. त्यांनी दिला. पण वहीची पानं एकमेकांना चिकटली होती, आणि त्यांनी खणखणीत आवाजात तिसऱ्या अंकातलं वाक्य वाचलं.

मुरलीधरराव सरकारी माणूस. वरून आदेश आला की पाळायचा. धडधाकट उभे राहून, दोन्ही हात पसरून ते म्हणाले, "रायाजी! मी पडलो! माझा देह यमुनेच्या काठी जाळा!"

लढाई अजून सुरूच झालेली नव्हती. एका सैनिकानं प्रसंगावधान राखून रडायला सुरुवात केली, कारण त्याला त्या वाक्यानंतर रडायला सांगितलं होतं. दुसरा त्याच्याकडे बघून हसला. सुधाकर विंगेत पानं उलटत होते, त्याचाही आवाज हॉलभर. माझ्या पाचावर धारण बसली.

तेव्हा सिद्धू पुढे झाला. त्यानं तलवार खाली ठेवली, प्रेक्षकांकडे पाठ केली आणि मुरलीधररावांचा हात हातात घेतला. काहीतरी पुटपुटताना दिसला, पण काय ते मला ऐकू आलं नाही. मुरलीधररावांचा चेहरा उजळला. "स्वप्न!" ते म्हणाले. "असं स्वप्न पडलं मला पहाटे, रायाजी! मी पडलो होतो, आणि तू..." आणि तिथून थेट आशीर्वादाच्या वाक्यावर उतरले.

मग तो थांबलाच नाही. रडणाऱ्या सैनिकाच्या खांद्यावर हात ठेवला, तो सावरला. हसणाऱ्याच्या जवळून गेला, तो ताठ झाला. त्याचं स्वतःचं दोन पानी भाषण आलं तेव्हा त्यानं ते केलंच नाही. एकेका सैनिकाजवळ जाऊन बसला आणि त्यातलं एकेक वाक्य त्याला देऊन टाकलं. आमचे ते सैनिक म्हणजे कोण? टपाल खात्यातले, हिशेब खात्यातले, वर्षानुवर्षं 'जी सरकार'पलीकडे एक शब्द न मिळालेले. ते उठून एकामागून एक बोलायला लागले. कुणाचा आवाज कापत होता, कुणाचा चिरकला, पण उपाशी फौज अशीच बोलत असणार. मी किती नाटकं बसवली, पण स्वतःच्या नाटकात मी रडले ती त्या दिवशी. आणि रायाजी? तो सगळ्यांच्या मध्ये जमिनीवर बसून प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत होता, आणि कितीतरी महिन्यांनी मला त्याचा जुना चेहरा दिसत होता.

पडदा पडल्यावर मुरलीधररावांना स्वप्नाच्या प्रवेशाबद्दल खांद्यावर घ्यायचं तेवढं बाकी राहिलं. शांतारामकाका ज्याला त्याला सांगत होते की तो प्रवेश मुळात तसाच लिहिला होता. मी रंगपटात चहाचे कप भरत होते, तेवढ्यात सुनीता आत आली.

"आंटी, समझ तो कुछ नहीं आया. पर सर आज पुराने वाले सर लग रहे थे."

"पुराने वाले मतलब?"

"पहले हमारे बगल में बैठते थे ना. कस्टमर गाली दे रहा हो, हम अटक जाएँ, तो धीरे से एक शब्द बोल देते थे. बस, आगे हम खुद सँभाल लेते थे. अब केबिन से निकल के 'कमॉन टीम' बोलते हैं." ती कपाकडे बघत म्हणाली, "हमें हँसी आती है, आंटी. फिर सर पे तरस आता है."

सिद्धू पलीकडे पडद्याआड आरशासमोर मिशा सोडवत बसला होता. अर्धी मिशी हातात, अर्धी ओठावर. ती गेल्यावर मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"ऐकलंस, गाढवा?"

"ऐकलं. पण वहिनी, ते काही लीडरचं काम नाही."

"का नाही?"

"ते तर मला येतंच!"

मला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली आणि त्याला पोटाशी धरावंसंही वाटलं. माणसाला जे सहज येतं त्याला तो काम मानतच नाही, ते त्याला फुकटचं वाटतं. जे येत नाही त्याच्यामागे ऊर फुटेस्तोवर धावायचं आणि ते जमलं नाही की स्वतःला नालायक ठरवायचं. माझ्या शेंडेफळ दिराचे सहा-सात महिने असे न्हाणीघरात ओरडण्यात गेले होते. हे सगळं मी त्याला सांगितलं, जरा जास्तच मोठ्यानं सांगितलं, आणि शेवटी म्हटलं, "आज ती फौज कुणी चालवली? तलवारीनं चालवली का?"

उरलेली मिशी त्यानं ओढून काढली तेव्हा डोळ्यांत पाणी आलं, ते गोंदामुळे असेल.

सोमवारी तो नेहमीच्या बसनं गेला. माझा दिवस कसा गेला ते विचारू नका, वरणात दोनदा मीठ पडलं. संध्याकाळी आला तो चपला काढता काढताच बोलायला लागला.

"वहिनी, मी खुरानाला म्हटलं, सर, केबिन सुनीताला द्या. पुढे उभं राहायचं ते तिला येतं, जन्मजात येतं. मला शेजारी बसू द्या. नवीन मुलांच्या, अडलेल्यांच्या. सगळ्या टीम्सच्या."

"मग?"

"म्हणाला, ऐसी कोई पोस्ट ही नहीं है."

"आणि तू गप्प बसलास."

"नाही ना! मी म्हटलं, नहीं है सर, इसीलिए तो लोग छोड़ के जा रहे हैं."

सुधाकरांनी पेपर खाली ठेवला. आमचा सिद्धू साहेबाला उलटून बोलला, हे त्यांना कुठल्याही बातमीपेक्षा मोठं होतं. खुरानानं म्हणे सुनीताला बोलावून विचारलं, "सँभालेगी?" ती "जी सर" म्हणाली ते सगळ्या मजल्यावर ऐकू गेलं. ठरलं ते असं: आणखी तीन महिने हे करून बघायचं, पगार आहे तोच, पदाचं नाव काही नाही, टीम लीडरची कार्डं परत करायची. "किलर तो तेरे में फिर भी नहीं है," खुराना शेवटी म्हणाला, पण हसून म्हणाला.

माझा जीव भांड्यात पडला, आणि पाठोपाठ माझ्यातली पुणेरी सूनही जागी झाली. अरे, मिळालेली खुर्ची अशी आपल्या हातानं देऊन टाकतात का? ते मी बोलणार, एवढ्यात फोन वाजला. सोमवार लक्षात ठेवून अण्णांनी पुण्याहून केला होता. "वहिनी, तू बोल ना," म्हणून सिद्धू भिंतीला टेकून उभा राहिला.

"काय झालं गं? पक्का केला का?" अण्णांनी विचारलं.

कसं सांगायचं याचा विचार करत बसले असते तर सांगणं झालंच नसतं. मी सरळ म्हटलं, "नोकरी आहे, अण्णा. पण आता तो लीडर नाही. त्यानंच सोडलं. लोकांच्या शेजारी बसून त्यांना अडलं की सांगायचं, ते काम त्यानं मागून घेतलं. खूश आहे. त्याला रागावू नका."

पलीकडे काहीच नाही. मला वाटलं लाइन कटली. "अण्णा?"

"ऐकतोय." मग म्हणाले, "भानू, मला मॅनेजर केलं तेव्हा मी देवापुढे साखर ठेवली होती. मग केबिनमध्ये बसलो, आणि काचेतून समोर काउंटर दिसायचा. मी सोडलेला. पेन्शन घ्यायला म्हातारे यायचे, नातवांची नावं सांगायचे, सही कुठे करायची ते विचारायचे. मला तो काउंटर फार आवडायचा गं."

"कधी म्हणाला नाहीत, अण्णा."

"कुणाला म्हणणार? रिटायर होईपर्यंत रोज काचेतून बघत होतो. तुझ्या सासूबाईंनासुद्धा कधी बोललो नाही." आणि म्हणाले, "दे त्याला फोन."

मी रिसीव्हर सिद्धूच्या हातात दिला. तो मास्तरांपुढे उभा राहावं तसा ताठ झाला, "हो, अण्णा" म्हणाला आणि ऐकत राहिला. मग त्यानं माझ्याकडे बघितलं, भांबावल्यासारखं. अण्णांनी त्याला त्याच्या जन्मात पहिल्यांदा विचारलं होतं की, तू दिवसभर नेमकं करतोस तरी काय. तो हळूहळू खाली जमिनीवर बसला, फोन मांडीवर घेतला आणि सांगायला लागला.